उपड्या होड्यांचा बाजार

माझ्या धाकट्या सुनेला, केतकीला, वर बघत चालायची खोड. आमच्या नांदेरी बंदरात माणूस चालतं ते खाली बघून. मासळीबाजारात तर आधी फरशी बघायची, मग पाऊल टाकायचं. ही लग्न होऊन आली, मी तिला बाजार दाखवायला नेली, तर दारातच मान वर करून उभी. तोंड उघडं. तशीच छताकडे बघत पुढे निघाली आणि घसरली ती थेट हौशीच्या बोंबलांत. हौशी म्हणजे माझी शेजारीण. बाजारात तिची जागा माझ्या जागेला लागून, आणि जीभ माझ्याहून लांब.

"काय गो चांगुणा," ती ओरडली, "आम्ही बोंबील पाटीत घालून विकतो. तुझी सून पाटीत बसून घेते!"

सगळा बाजार हसला. आता पडलीस तर रडावं, हसावं, निदान हौशीला दोन शब्द सुनवावेत. ही बोंबलांत बसल्या बसल्याच वर बोट करून मला विचारते, "आई, हे छत कुणी बांधलं?"

"गवंड्यांनी," मी म्हटलं. "ऊठ आता."

कराडची पोर. इमारतींचे नकाशे काढायचं शिकलेली. माझ्या हरेशने मुंबईत पसंत केली आणि आम्हाला नंतर सांगितलं. वागायला वाईट नव्हती, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. मनात काय चाललंय ते कळायचं नाही. आमच्यात सून आली की पहिल्या नारळी पुनवेला सासू तिला बाजारात आपल्या जागेवर बसवते, तिच्या हातात कोयता देते. मी हिला बसवली नव्हती. पुनवा आल्या नि गेल्या. कुणी विचारलं तर सांगायची, "नोकरीवाली आहे ती." खरं म्हणजे जिला त्या फरशीवर धड उभं राहता येत नाही, तिला बसवून काय करायचं?

आमचा बाजार म्हणजे सिमेंटचा मोठा हॉल. मी लग्न होऊन आले त्या साली तो बांधत होते. ना कौलं, ना पत्रे, ना आत खांबांची गर्दी. जाड सिमेंटच्या कमानी एकीला एक लागून, जशा पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर उपड्या घालून ठेवाव्यात. कमानी दोन्ही बाजूंना खाली येतात त्या पार हाताला लागतील इतक्या. रंग नाही, गिलावा नाही, नुसतं राखेच्या रंगाचं सिमेंट. पण आत उन्हाळ्यात गारवा, आणि समुद्राकडचा वारा एका तोंडातून शिरून दुसऱ्या तोंडातून बाहेर. मासळीला नि बाईला दोघींनाही तेच हवं असतं.

मग पलीकडच्या खाडीवर नवी जेट्टी झाली. लिलाव तिकडे गेला, टेम्पोवाले व्यापारी तिकडे गेले. त्या नव्या जागेत आम्हा पाटीवाल्या बायकांना बसायला काही ठेवलंच नव्हतं. आम्ही जुन्या हॉलमध्येच बसत राहिलो. तेवढ्यात नगरपालिकेने ठरवलं, हॉल पाडायचा नि शनिवार-रविवारी येणाऱ्या मुंबईकरांच्या गाड्या लावायला तिथे मोकळं मैदान करायचं. पालिकेचा इंजिनियर आला, छत्रीच्या टोकाने भिंत टोचली नि म्हणाला, "जुनी शेड आहे. धोकादायक."

"आणि आम्ही बसायचं कुठं?" मी विचारलं.

"रस्त्याच्या कडेला बसा. सध्या."

साहेब लोकांचं सध्या काय असतं ते मला ठाऊक आहे. सध्याला जन्मलेलं पोर बारशाला सध्याच असतं आणि त्याच्या लग्नालाही सध्याच. गणपती झाले की मशीन येणार, असं त्याने सांगितलं. 

तेव्हा ही मुकी पोर पहिल्यांदा हलली. तिने नकाशा काढला. हॉल तसाच ठेवायचा. अर्ध्यात आमच्या जागा, अर्ध्यात जाळी विणणारे नि होड्यांचं दुरुस्तीकाम, हॉलच्या टोकाला जी माडी आहे, तिच्यावर लिलावाची ऑफिसं रिकामी पडली होती तिथे बायकांनी चालवायची खाणावळ. मुंबईला जुन्या इमारती राखायची एक समिती असते, तिच्याकडे तिने अर्ज केला. समिती बघायला येते म्हणाली. त्यांनी नको म्हटलं तर मशीन, हो म्हटलं तर हॉल. मधलं काही नाही.

कागदपत्रं घेऊन केतकी मुंबईला निघाली. एसटीत चढताना मला म्हणाली, "आई, हॉल स्वच्छ करून ठेवा. त्यांनी तो डोळे भरून बघितला पाहिजे."

एवढंच बोलली. एसटी गेली.

मी हौशीला म्हटलं, "ऐकलंस? डोळे भरून."

पुनव जवळ आली होती. घरोघरी होड्यांना रंग देणं चालू होतं, डबे उघडेच होते. मी पोरांना हुकूम सोडला. शिड्या आल्या, परांच्या बांधल्या, आणि आम्ही त्या हॉलला आतून निळा रंग दिला. आमच्या होड्यांचा निळा. कमानीच्या कडेला पिवळा पट्टा. हौशीला तर इतका जोर चढला की दाराच्या दोन्ही अंगांना, होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, काढतात तसे, मोठे डोळे काढून घेतले. एवढी वर्षं राखेसारखा पडलेला हॉल एकदम लग्नाला निघाल्यासारखा दिसायला लागला. श्रावणाची हवा ओली, रंग काही वाळेना, पण दिसत होता असा की बघत राहावं. मी मनात म्हटलं, आता बघू कोण मोडीत काढतो ते.

ज्या दिवशी दुपारी समिती येणार त्या सकाळी केतकी परत आली. मी मुद्दाम दारात उभी होते. म्हटलं, आज तरी हिचं तोंड उघडेल.

ती आत आली. वर बघितलं. हातातली पिशवी सोडली, ती ओल्या फरशीवर पडली. मग कमानीजवळ गेली, बोट लावलं. बोट निळं झालं. त्या बोटाकडे बघत ती तिथेच खाली बसली.

"काय झालं गो?" मी म्हटलं. "आवडला नाय?"

ती नुसती बोटावरचा रंग अंगठ्याने चोळत राहिली.

"तोंड आहे ना तुला? शब्द काढ!"

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "ते कोरं सिमेंट बघायला येतायत. छताला लाकडी फळ्यांच्या रेघा उठल्यात ना, सिमेंट ओतलं तेव्हाच्या, त्या बघायला. त्यावरच सगळा अर्ज आहे. त्या दिसल्या नाहीत तर इंजिनियर म्हणतो तेच खरं होईल. जुनी शेड."

 त्या रेघा कसल्या ते मला चांगलं ठाऊक होतं. पण तेव्हा बोलत बसायला वेळ कुणाला होता!

"हे आधी सांगायला तुला काय झालं होतं?" मी ओरडले. "स्वच्छ करा म्हणालीस. डोळे भरून म्हणालीस!"

ती रडली असती तर मी अजून चार शब्द बोलले असते. ती रडली नाही. उठली, पदर नव्हता म्हणून ओढणी कमरेला बांधली नि म्हणाली, "ओला आहे अजून. निघेल का?"

"रॉकेलने निघतो," हौशी म्हणाली. तिचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा बारीक ऐकला. "हातावरचा निघतो."

मग जी धावपळ झाली ती सांगते. कुणी होडीवरून रॉकेलचे डबे आणले, कुणी नारळाची सोडणं. रॉकेलात सोडण बुडवायचं आणि घासायचं, घासायचं. पोरं परांच्यांवर, आम्ही खाली. निळं पाणी केसांत, डोळ्यांत, ब्लाउजात. हरेश एका हाताने घासत होता, दुसऱ्या हातात फोन.

"पनवेल सोडलं त्यांनी, आये."

"मग घास! फोनने रंग निघतो का?"

पहिली कमान अर्धीही झाली नव्हती. मोठ्या कमानीला तर हातच लागला नव्हता. माझ्या दंडातलं बळ सरलं होतं, पण मी थांबले असते तर सगळ्या थांबल्या असत्या.

"पेणला आले."

"देवा एकवीरे," हौशी म्हणाली, "एक टायर फोड गो. माणसांना काही करू नको, फक्त टायर."

केतकी माझ्याच जागेवरची कमान घासत होती. एकाएकी थांबली.

"आई, निघत नाहीये. वरचा निघतो, पण खाचांत राहतोय. बघा ना. जितकं घासावं तितका आत बसतोय."

मी बघितलं. खरंच. रेघारेघांत निळा तसाच, नि मध्ये सिमेंट उघडं पडलेलं. पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी भलतंच दिसत होतं. ना धड रंगवलेलं, ना धड कोरं. मला वाटलं, यापेक्षा पूर्ण निळा बरा होता. निदान कुणी मुद्दाम केलंय असं तरी दिसलं असतं.

"वडखळ नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलेत," हरेश म्हणाला.

"एकवीरा पावली," हौशी म्हणाली.

पावली, पण थोडीच. आमची एक कमान नि दुसरीचा खालचा भाग झाला होता, तोच बाहेर गाड्यांची दारं वाजली.

आधी पालिकेचा इंजिनियर आत आला. रॉकेलच्या वासाने नाकाला रुमाल लावला, वर बघितलं, आणि त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मागे समितीची मंडळी. सगळ्यांत पुढे एक म्हातारी पारशीण, दस्तूरबाई, डोक्याला सुती टोपी, हातात काठी. ती या समितीची मोठी होती.

"बघा मॅडम," इंजिनियर म्हणाला, "हाच तो वारसा. ऑईलपेंट मारलेला. मी लिहूनच दिलं होतं. शेड आहे, राखण्यासारखं यात काही नाही."

आम्ही सगळ्या निळ्या हातांनी भिंतीला लागून उभ्या.  दस्तूरबाईंनी कमानीला हात लावला, बोटं एकमेकांवर चोळली.

"हे कोणी केला?" त्यांनी विचारलं. "डोका ठिकाणावर हाय का कोणाचा?"

 इतक्यात केतकी पुढे झाली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "बायकांना काय करायचं नि काय नाही ते मी नीट सांगितलं नाही. यात त्यांचा दोष नाही."

माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्या बंदरासमोर, त्या दात काढणाऱ्या इंजिनियरसमोर, तिने ते आपल्या डोक्यावर घेतलं. चांगुणा तांडेलच्या वाटची बोलणी दुसऱ्या कुणी खाल्ली असं तोवर कधी झालं नव्हतं, आणि ते मला सोसेना.

"तिने नाय," मी म्हटलं. "मी रंगवला. माझ्या हुकमाने."

"का?" दस्तूरबाई म्हणाल्या.

"होडी आहे म्हणून."

इंजिनियर हसला. दस्तूरबाई हसल्या नाहीत. "काय बोलते तुमी? समजून सांगा."

मग मी सांगितलं. कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण ज्यांना ठाऊक होतं त्यांना सांगायची गरज नव्हती आणि बाकीच्यांनी कधी ऐकण्याइतका दम धरला नव्हता.

"बाई, मी नवी नवरी होते. हा हॉल बांधत होते तेव्हा छताला आधार द्यायला लागणारं लाकूड आलं नाही. पावसाळा तोंडावर. मुंबईचा इंजिनियर डोक्याला हात लावून बसला. तेव्हा शिडाच्या होड्यांचे दिवस सरत आले होते, इंजिनाच्या होड्या आल्या होत्या. माझ्या सासऱ्याने आपला जुना मचवा दिला. म्हणाला, फोडा नि फळ्या घ्या, आयत्याच वाकलेल्या आहेत. त्याचं बघून दुसऱ्याने दिली, तिसऱ्याने दिली. त्या होड्यांच्या फळ्या वर लावून त्यांच्यावर हे सिमेंट ओतलंय. फळ्या काढून घेतल्या नि चुलीत गेल्या. होड्या वर राहिल्या."

दस्तूरबाईंनी टोपी मागे सारून वर बघितलं.

"आणि आमच्यात, ज्या होडीला पुनवेच्या आधी रंग चढत नाही, ती मोडीत निघाली असं सगळं बंदर समजतं. कुणीही यावं नि तिच्या फळ्या न्याव्या. हे साहेब गणपतीनंतर मोडायला येणार होते. म्हणून मी रंग चढवला. मोडीत निघालेली नाय, एवढं सांगायला."

दस्तूरबाईंनी पिशवीतून बॅटरी काढली. "कुठला तुमच्या सासऱ्याचा?"

"हा काय. माझ्या जागेवर. प्रत्येकीची जागा आपल्या घरच्या होडीखाली. सासू तिथेच बसायची, मीही तिथेच बसते."

त्यांनी बॅटरी वर मारली. आम्ही घासलेला तोच भाग. आणि मला जे इतका वेळ नासलेलं दिसत होतं ते उजेडात नीट दिसलं. खाचांत निळा बसला होता म्हणून फळी न् फळी वेगळी उठून आली होती. सांधे, खिळ्यांच्या डोक्यांच्या खुणा, लाकडाच्या गाठी. पार वर, कमान जिथे वळते तिथे, सासऱ्याने नाळेच्या फळीवर स्वतःच्या हाताने कोरलेली चंद्रकोर. लाकडात खोल होती ती सिमेंटात उंच आली होती, तिच्यावरचा रंग पुसला गेला होता, आणि भोवती निळं. सासूच्या वेळेपासून आम्ही तिच्याखाली बसत होतो. राखेत राख, कधी दिसली नव्हती.

हौशी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिच्या वरची कमान अजून घासायची होती, सगळी निळीच. तरी तिने वर बोट केलं. "ही आमची. दर्यादौलत नाव होतं." मग पलीकडची आपल्या जागेवर गेली. मग तिच्या पुढची. कुणी सांगितलं नाही. बघता बघता हॉलभर बायका आपापल्या होडीखाली जाऊन उभ्या, निळ्या हातांनी वर बोट करून. मोठ्या कमानीपर्यंत.

दस्तूरबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. मग इंजिनियरकडे वळल्या.

"तुमी ह्याला शेड बोलते?" त्या म्हणाल्या. "हा तर पूरा बंदर हाय, साहेब. उलटा करून ठेवलेला." मग माझ्याकडे बघून, "बाई, आता रंग लावायचा पण नाय, पुसायचा पण नाय. जसा हाय तसा. हात लावेल त्याला मी काठीने मारेल."

मंजुरीचा कागद यायला दिवाळी उजाडली. मशीन आलं नाही. आज त्या हॉलमध्ये अर्ध्यात आम्ही बसतो, अर्ध्यात जाळी विणतात, माडीवरच्या खाणावळीत हौशीची नात गिऱ्हाइकांवर ओरडते. मुंबईकर गाड्या लांब लावून चालत येतात नि माना वर करून घसरतात. दाराचे डोळेसुद्धा ठेवायला दिले, आणि निळाही अजून आहे, घासलेल्या कमानीवर रेघांत, बाकीच्यांवर अंगभर.

पण ते पुढचं. त्या दुपारी गाड्या गेल्या, बायका हात धुवायला समुद्रावर गेल्या, आणि हॉलमध्ये मी नि केतकी दोघीच उरलो. ती उभी होती. वर बघत.

"आई," ती म्हणाली, "हे मला आधी सांगायला तुम्हाला काय झालं होतं?"

माझंच वाक्य मला परत. मी कमरेवर हात ठेवले. "तू कधी विचारलंस?"

"पहिल्याच दिवशी. बोंबलांत बसून. छत कुणी बांधलं, असं. तुम्ही म्हणालात, गवंड्यांनी."

लग्नानंतर तिला इतकं लांब बोलताना मी त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकलं. उत्तर होतं माझ्याकडे, मला उत्तर कधी कमी पडत नाही. पण तिच्या नखांत निळा रंग भरलेला होता, आणि मान अजून वरच होती, त्या चंद्रकोरीकडे. तेवढ्यात तिचा पाय रॉकेलच्या ओघळावर सरकला. मी दंडाला धरली म्हणून वाचली.

"नकाशे शिकलीस, पण अक्कल नाय शिकलीस," मी तिला म्हटलं. "एवढा मोठा बाजार, त्यात वर बघणारी एक पाहिजेच होती, ते मी कबूल करते. पण तू उभी राहून बघतेस, म्हणून पडतेस. उद्या पुनव आहे. उद्यापासून बसून बघ. इथं, माझ्या बाजूला."